गिरणीच्या दारावरचं इंग्रजी

गिरणगावात माणूस बेकार नसायचा. तो बदलीवर असायचा, ले-ऑफवर असायचा, संपात असायचा, गावी गेलेला असायचा, नाहीतर ‘सध्या काम लागत नाही’ असा असायचा. ‘मी बेकार आहे’ असं स्वतःच्या तोंडाने सांगणारा गिरणीकामगार लालबाग-परळच्या चाळींत मला भेटलेला आठवत नाही. बेकार हा शब्द आम्ही शिकलेल्या पोरांसाठी राखून ठेवला होता. बी.कॉम. होऊन, एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचं कार्ड खिशात घालून नाक्यावर उभी राहणारी ती बेकार. ज्याला साचा चालवता येतो तो बेकार कसा?

माझे वडील साचेवाले, म्हणजे विणकर. मी परळला एका कामगार-वकिलांकडे टायपिस्ट. १९७७ साली लागले आणि पुढे तीसेक वर्षं काम एकाच जातीचं केलं. समोरच्या बाकावर बसलेला माणूस मराठीत गाऱ्हाणं सांगणार, साहेब ते इंग्रजीत घालून तोंडी सांगणार आणि मी तीन कार्बन लावून ते टाइप करणार. टाइप झालं की कागद त्या माणसाच्या हातात सहीसाठी जायचा. सही करण्याआधी बहुतेकजण एकच विचारायचे, “बाई, माझं काय लिहिलंत? काढलं, कमी केलं, की बसवलं?”

प्रश्न अगदी नेमका असे. काढलं म्हणजे डिसमिस, हातात काही नाही. कमी केलं म्हणजे रिट्रेंचमेंट, महिन्याची नोटीस किंवा त्याचा पगार आणि वर नोकरीच्या दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार. बसवलं म्हणजे ले-ऑफ, अर्धा पगार. टाळं लावलं म्हणजे लॉक-आउट, आणि ते बेकायदा ठरलं नाही तर शून्य. कायद्यातल्या प्रत्येक इंग्रजी शब्दाला असा दर होता, आणि ज्यांना इंग्रजीचं एक वाक्य वाचता येत नव्हतं त्यांना हे दर तोंडपाठ होते. हे शब्द मुंबईत कधी आले, कुणी आणले आणि इथल्या माणसाला कोणत्या भावाने पडले, ते मला सांगायचं आहे.

सुरुवात जॉबरपासून करायला हवी, कारण गिरणीचं दार त्याच्या हातात होतं. मुंबईतली पहिली कापडगिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी ताडदेवला काढली. कंपनी १८५४ ची, गिरणी सुरू झाली १८५६ मध्ये. यंत्रं विलायतेची, ती चालवून दाखवणारे मास्टर विलायतेचे, भांडवल इथल्या शेठियांचं आणि हात रत्नागिरी-साताऱ्याचे. मास्टरला मराठी कळत नव्हतं आणि बोटीतून उतरलेल्या कोकण्याला मास्टरचं बोलणं. या दोघांच्या मध्ये जो उभा राहिला तो जॉबर. भरती तो करणार, काम तो शिकवणार, साचा अडला तर तो दुरुस्त करणार आणि नको त्याला हाकलणारही तोच. बायकांच्या खात्यात हेच काम नायकीण करी. कलकत्त्याच्या तागाच्या गिरण्यांत अशा माणसाला सरदार म्हणत, दक्षिणेकडच्या मळ्यांत कंगाणी. आपल्याकडे मात्र इंग्रजी नाव चिकटलं.

गंमत अशी की विलायतेत ‘जॉब’ हा फारसा मानाचा शब्द नव्हता. डॉ. जॉन्सनने १७५५ सालच्या आपल्या कोशात तो हलक्या तोंडचा शब्द म्हणून नोंदवला आणि अर्थ दिला तो किरकोळ, अधूनमधून मिळणाऱ्या कामाचा. पक्क्या नोकरीशी त्याचा संबंध पुढे कधीतरी जुळला. मुंबईचा जॉबर मात्र जॉन्सनच्या अर्थाशी इमान राखून होता. त्याच्या हातून मिळणारं काम अधूनमधूनचंच असे आणि ते मिळवायला दस्तुरी द्यावी लागे. लागताना द्यायची, रजेवरून परत आल्यावर द्यायची, सणावारी द्यायची. १९२९ ते १९३१ या काळात व्हिटली साहेबांच्या अध्यक्षतेखाली हिंदुस्थानातल्या मजुरांची चौकशी करणारं रॉयल कमिशन बसलं, त्याने जॉबरच्या या कमाईवर बोट ठेवलं आणि भरतीचं काम त्याच्याकडून काढून लेबर ऑफिसरकडे द्या असं सुचवलं.

आता जॉबर म्हणजे नुसता राक्षस होता असंही नाही. राजनारायण चंदावरकरांनी मुंबईच्या गिरण्यांचा जो इतिहास लिहिला त्यात हे चांगलं दाखवलं आहे की जॉबरलाही माणसांची गरज असे. ऐन हंगामात साचे उभे राहिले तर त्याचीच गच्छंती. म्हणून तो गावच्या खोलीत येऊन बसे, उधारी देई, खानावळवालीला जामीन राही, लग्नाला हजर होई. वडील मुंबईत आले १९४८ साली, संगमेश्वर तालुक्यातून. कागदोपत्री तोवर जॉबरची सद्दी सरली होती. तरीही गावाहून येताना काजूगराची पुरचुंडी त्याच्यासाठी वेगळी बांधलेली असायचीच. आजी म्हणायची, घरच्या पोरांना कमी पडले तरी चालतील.

कुणाला कुठल्या खात्यात घ्यायचं हेही जॉबरच्या आणि खात्यातल्या माणसांच्या मर्जीवर चाले, आणि तिथे जात आडवी यायची. धोट्यात नवी कांडी घातली की तिचा धागा तोंडाने ओढून भोकातून बाहेर काढावा लागे. त्या कारणावरून अस्पृश्यांना साचा खात्यात शिरकाव नव्हता, आणि पगार सगळ्यांत बरा तो तिथेच. १९२८ च्या मोठ्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न पुढाऱ्यांसमोर सरळ ठेवला. सहा महिने चाललेला तो संप एका विणकराने दोनाऐवजी तीन साचे सांभाळावेत अशा योजनांविरुद्ध होता. त्या योजनांचं नाव होतं रॅशनलायझेशन. तीन साचे एकाकडे दिले की बाहेर पडणाऱ्या माणसाला त्या शब्दात जागा नव्हती.

आता बदली. हा शब्द आपण इंग्रजांना दिला.

गिरणीत एका साच्यावर एक माणूस नेमलेला. पण तो माणूस शेतकरी. शिमग्याला, गणपतीला, लग्नसराईत आणि पेरणीला त्याला गावी जायचंच असे. साचा तर उभा ठेवता येत नाही. मग जाताना तो आपल्या जागी भाऊ, मेहुणा, खोलीतला गाववाला असा कुणीतरी लावून जाई. हीच बदली. पुढे ही सोयही जॉबरने आपल्या मुठीत घेतली. दारात जितकी जास्त माणसं ताटकळतील तितका त्याचा भाव वधारणार. शेवटी १९३५ साली गिरणीमालकांच्या संघाने बदली कंट्रोलची योजना आणली. दर महिन्याच्या एक तारखेला ठराविक माणसांना बदलीची कार्डं द्यायची, त्यांनी रोज सकाळी गिरणीत हजर व्हायचं आणि खाडे पडतील तेवढ्या जागा त्यांच्यातूनच भरायच्या. जॉबरला वेसण घालायला केलेली ही योजना. मालकांना तिचा दुसरा फायदा असा की दारात कामाची सवय असलेली माणसं फुकटात तयार उभी राहू लागली.

वडील जवळजवळ नऊ वर्षं बदली होते. त्यांचं एक कार्ड माझ्याकडे आहे. पुठ्ठ्याचं, कोपरे कुरतडलेलं, महिन्याचे चौकोन पाडलेलं. ज्या दिवशी काम लागलं त्या चौकोनात टाइमकीपरची निळ्या शाईची फुली, लागलं नाही तो चौकोन कोरा. जूनचं कार्ड आहे, म्हणून फुल्या भरपूर. पक्की माणसं पेरणीला गेलेली. आई सांगायची, पावसाळा आला की आपल्या घरात बरे दिवस यायचे. पाऊस लांबला की गावाकडचे आणि आम्ही दोघेही हवालदिल, पण कारणं उलटी.

पहिली पाळी सातची. पावणेसातला फाटकाच्या आत बदल्यांची रांग उभी राहायची. भोंगा झाला, पक्के कामगार आत गेले, मग कोण आलं नाही याची यादी खात्याखात्यातून टाइम ऑफिसात यायची. साचा खात्यात सहा, त्रासन खात्यात चार, कांडीला दोन. नावं पुकारली जायची. ज्याचं नाव आलं तो धोतर सावरत धावायचा, कारण साचा तोवर सुरू झालेला असायचा आणि विणकराला पैसे विणलेल्या वारावर. उरलेले दुपारी साडेतीनच्या पाळीला पुन्हा यायचे, कुणी रात्री बाराच्या. एका दिवसात तीनदा दारात जाऊन तीनदा परत येणारा माणूस बेकार म्हणायचा की कामगार? शिरगणतीवाल्याने विचारलं तर वडील गिरणीचं नाव सांगून मोकळे व्हायचे.

हे दृश्य काही मुंबईचं एकटीचं नव्हतं. लंडनच्या गोदीत एकोणिसाव्या शतकात रोज सकाळी असाच जमाव दारावर लोटायचा आणि फोरमन बोट दाखवून माणसं उचलायचा. १८८९ मध्ये तिथे मोठा संप झाला. ‘अनएम्प्लॉयमेंट’ हा शब्द इंग्रजीत चलनात आला तोही साधारण याच काळात. त्याआधी काम नसलेल्या माणसांबद्दल बोलत ते गरीब, भटके, आळशी अशा शब्दांत, म्हणजे दोष माणसाचा. बंगालमध्ये रंगपूरला जन्मलेला विल्यम बेव्हरिज याने १९०९ साली या विषयावर ग्रंथ लिहिला आणि म्हणाला की हा दोष धंद्याच्या रचनेत आहे. प्रत्येक दारावर वेगवेगळा राखीव जमाव पोसला जातो, तो एकत्र करा, कामाची नोंदणी करा. लेबर एक्स्चेंजं तिथे १९१० मध्ये उघडली. आमच्या नाक्यावरच्या पोरांच्या खिशातलं कार्ड याच घराण्यातलं. हिंदुस्थानात ती कचेरी १९४५ साली उघडली, महायुद्धातून सुटून येणाऱ्या शिपायांसाठी. मुंबई बंदरातल्या गोदी कामगारांची नोंदणी ५१ साली सुरू झाली आणि त्यांच्या हजेरीला, काम नसलं तरी, थोडाफार मोबदला बांधून मिळाला. गिरण्यांतही १९५० मध्ये बदल्यांच्या नोंदणीची योजना निघाली, पण गोदीतल्यासारखी ती रुजली नाही. साठेक गिरण्या, मालक वेगवेगळे, आणि प्रत्येकाला आपल्या दारातली रांग आपल्याच ताब्यात हवी होती.

आणि मग आला १९५३ चा ऑक्टोबर. गिरण्यांत कापडाचे गठ्ठे पडून, माल उचलला जाईना, मालक पाळ्या बंद करण्याच्या गोष्टी बोलू लागले. दिल्लीहून वटहुकूम निघाला आणि त्याचं पुढे कायद्यात रूपांतर झालं. १९४७ च्या औद्योगिक तंटे कायद्यात ले-ऑफ आणि रिट्रेंचमेंट या शब्दांच्या व्याख्या तेव्हा घातल्या गेल्या, २४ ऑक्टोबर १९५३ पासून लागू. माझ्या टाइपिंगच्या आयुष्यात सगळ्यांत जास्त वेळा मी कुठली व्याख्या ठोकली असेल तर ती ले-ऑफची.

त्या व्याख्येला पुरवणी होती आणि जीव त्या पुरवणीत होता. ज्याचं नाव मस्टरवर आहे असा कामगार नेमलेल्या वेळी हजर झाला आणि हजर झाल्यापासून दोन तासांत त्याला काम दिलं नाही, तर त्या दिवसापुरता त्याला ले-ऑफ दिला असं धरायचं. पाळीच्या उत्तरार्धात ये म्हणाले आणि तेव्हा काम दिलं, तर अर्ध्या दिवसाचा ले-ऑफ. उत्तरार्धात बोलावूनही दिलं नाही, तर त्या अर्ध्या दिवसाचा पूर्ण पगार. ले-ऑफच्या काळात पाच मैलांच्या आत त्याच मालकाच्या दुसऱ्या ठिकाणी काम दिलं आणि नाकारलं तर भरपाई बंद. दिवसातून एकदा हजेरी लावली नाही तरीही बंद.

म्हणजे सात ते नऊ. वीजकपात असली, कापूस संपला असला, बॉयलर बसला असला की नऊपर्यंत दारात थांबायचं. टाइमकीपरने नऊ वाजता वहीत खूण केली की अर्ध्या दिवसाचे पैसे झाले. काही टाइमकीपर पावणेनऊला सांगायचे, “आता काही होत नाही, जा घरी,” आणि भोळा माणूस पंधरा मिनिटं आधी निघून जायचा. मग मालकाचा वकील कोर्टात विचारणार, दोन तास पूर्ण थांबलात का? आमच्याकडे अशी एक केस होती, गिरणीचं नाव घेत नाही. आठजण, आठ जणांचे मिळून पैसे फार नव्हते, पण उलटतपासणी अख्खी दुपार त्या पंधरा मिनिटांवर चालली. एकाने शेवटी वैतागून सांगितलं, “साहेब, घड्याळ गिरणीचं, भोंगा गिरणीचा, माझ्याकडे फक्त पोट.” कोर्टाने ते टिपून घेतलं नाही. मी घेतलं.

आता याच पुरवणीशेजारी दुसरी पुरवणी. बदली कामगाराला ही भरपाई नव्हती. मस्टरवर ज्याचं नाव आहे अशा दुसऱ्याच्या जागी जो काम करतो तो बदली, अशी व्याख्याच संसदेने केली आणि ‘बदली’ हा शब्द रोमन लिपीत कायद्याच्या पुस्तकात जाऊन बसला. सूट एवढीच की त्याची वर्षभर सलग नोकरी भरली, म्हणजे २४० दिवस काम झालं, तर त्याला बदली समजायचं नाही. सात ते नऊ दोघेही एकाच दारात उभे, पक्का आणि बदली. नऊ वाजता एकाला अर्धा पगार, दुसऱ्याला वाटाण्याच्या अक्षता. आणि २४० चा आकडा कायद्यात एकदा छापला गेल्यावर पुढे काय होणार ते सांगायला ज्योतिषी नको. दोनशेच्या पुढे फुल्या गेल्या की कार्ड ‘चुकून’ दुसऱ्या खात्यात जायचं, नाव पुकारायचं राहून जायचं. आमच्या ऑफिसात बदल्यांची कार्डं पिशव्या भरभरून यायची आणि मी फुटपट्टी ठेवून फुल्या मोजायची. दोनशे अडतीस निघाल्या की साहेबांकडे मान वर करून बघवत नसे.

रिट्रेंचमेंट हा त्यामानाने सरकारी थाटाचा शब्द. मूळ अर्थ खर्चाला कात्री. १९२२-२३ मध्ये लॉर्ड इंचकेप यांची रिट्रेंचमेंट कमिटी बसली होती, तिने हिंदुस्थान सरकारच्या खर्चाची छाटणी सुचवली. खर्चातून तो शब्द माणसांवर सरकला. ५३ साली त्याची व्याख्या करताना लिहिलं की मालकाने कोणत्याही कारणाने कामगाराला कमी करणं म्हणजे रिट्रेंचमेंट. कोणत्याही कारणाने, हे स्पष्ट. तरी वाद झालाच, आणि तो झाला आपल्या बार्शीच्या रेल्वेवरून.

बार्शी लाइट रेल्वे ही अडीच फुटी रुळांची खासगी कंपनी. कुर्डुवाडीपासून बार्शी, पुढे लातूर, पंढरपूर, मिरज असं तिचं जाळं. १ जानेवारी १९५४ पासून ती सरकारने ताब्यात घेतली. कंपनीने ३१ डिसेंबरपासून सगळ्या नोकरांना कमी केल्याची नोटीस आधीच लावली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांतले बहुतेक त्याच स्टेशनात, तोच कंदील घेऊन कामाला लागले, फक्त मालक बदलला. युनियनचे अध्यक्ष के. एन. जोगळेकर, मीरत कटाच्या खटल्यातले. ते म्हणाले, कमी केलंत ना, मग भरपाई द्या. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. २७ नोव्हेंबर १९५६ ला निकाल लागला की रिट्रेंचमेंट म्हणजे चालू धंद्यातून जादा झालेली माणसं कमी करणं. धंदाच संपला किंवा हात बदलला तर तो शब्द लागत नाही. ‘कोणत्याही कारणाने’ हे शब्द कायद्यात होते, तरी लागत नाही. संसदेने पुढच्या वर्षी कायदा दुरुस्त करून धंदा बंद झाला किंवा मालक बदलला तर काय द्यायचं ते वेगळं लिहिलं, आणि ती दुरुस्ती लागू केली २८ नोव्हेंबर १९५६ पासून, निकालाच्या दुसऱ्या दिवसापासून. बार्शीवाल्यांच्या पदरात काही पडलं नाही. त्यांच्या केसमुळे पुढच्यांचं भलं झालं. शब्दाचा अर्थ नंतर १९७६ मध्ये सुप्रीम कोर्टानेच पुन्हा रुंद केला आणि १९९० मध्ये घटनापीठाने त्यावर शिक्का मारला. आमचे साहेब नव्या ज्युनिअरला पहिली केस बार्शीचीच वाचायला देत. ते स्वतः सोलापूरकडचे होते, हे एक कारण असावं.

बायकांना मात्र यातला कुठलाच शब्द लागला नाही. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत साधारण पाच कामगारांत एक बाई होती, बहुतेक रीळ आणि कांडी खात्यांत. रात्रीचं काम बायकांना १८९१ च्या फॅक्टरी कायद्याने बंद. गिरण्या दोन-तीन पाळ्यांत चालू लागल्या तशी त्यांची अडचण होऊ लागली. १९२९ मध्ये मुंबई इलाख्यात बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा आला, तो द्यायला नको म्हणूनही पुष्कळ ठिकाणी हात आखडला. मी नोकरीला लागले तोवर गिरणीतल्या बायका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या होत्या. माझी मावशी कांडी खात्यात होती. १९६० च्या आसपास नवी यंत्रं आली आणि तिला घरी बसवलं. तिच्या कागदांत ना रिट्रेंचमेंट, ना ले-ऑफ. राजीनाम्यावर अंगठा होता. पुढे तिने खानावळ चालवली, बावीस माणसं जेवायची तिच्याकडे, आणि शिरगणतीच्या कागदावर ती गृहिणी.

१९८२ बद्दल इतकं लिहून झालं आहे की मी थोडक्यात आटपते. १८ जानेवारीला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. बोनस आणि पगारवाढ या मागण्या सगळ्यांना आठवतात. बदल्यांना कायम करा ही मागणी तितकी कुणाला आठवत नाही, पण आमच्या बाकावर बसणारे तरुण त्यासाठीच संपात उतरले होते. संप अमुक दिवशी मागे घेतला असं कुणी कधी जाहीर केलं नाही. १९८३ मध्ये तेरा गिरण्या सरकारने ताब्यात घेतल्या, बाकीच्या हळूहळू सुरू झाल्या आणि लाखाच्या घरात माणसं परत आत गेलीच नाहीत.

या माणसांना काय म्हणायचं? काढलं म्हणावं तर पुष्कळांची चौकशी झालेली नाही. कमी केलं म्हणावं तर मालक म्हणणार आम्ही नोटीस दिलीच नव्हती. गिरण्यांच्या वकिलांनी एक शब्द शोधला, अबॅन्डनमेंट. कामगार स्वतःहून नोकरी टाकून गेला. ८४ ते ८९ या काळात हा शब्द मी इतक्या कैफियतींमध्ये वाचला की त्याच्या अकरा अक्षरांवर बोटं न बघता पडायची. उत्तरात आम्ही लिहायचो की हा माणूस कामावर घ्या म्हणून दारात आला होता. पुरावा काय? दारात उभं राहिल्याची पावती बदल्यांना तरी कार्डावर मिळायची. संपकऱ्याला ती कोण देणार?

नव्वदीत दर पुन्हा बदलले. गिरणी बंद करायची तर सरकारची परवानगी लागे. १९७६ मध्ये ही अट ३०० कामगारांच्या कारखान्यांना घातली, मुंबईच्याच एका कपड्यांच्या कारखान्याच्या अर्जावर सुप्रीम कोर्टाने ७८ मध्ये तिच्यातला बंदीचा भाग रद्द केला आणि पुढे तो नव्याने, १०० कामगारांपर्यंत खाली आणून, कायद्यात घातला गेला. परवानगी मिळवण्यापेक्षा सोपी वाट होती व्हीआरएस. रिट्रेंचमेंटच्या व्याख्येतच लिहिलं होतं की स्वेच्छानिवृत्ती तिच्यात धरायची नाही. म्हणून कागदावर स्वेच्छा हवीच. आमच्याकडे लोक छापील फॉर्म घेऊन यायचे, त्यात ‘माझ्या खुशीने’ हे छापलेलंच असायचं. साहेब विचारायचे, “खुशी आहे का?” एकाने सांगितलं, “साहेब, मुलीचं लग्न ठरलंय, आता आहे.” वडिलांनी सही केली तेव्हा त्यांची कित्येक वर्षांची पक्की नोकरी झाली होती. हातात आलेल्या पैशांतून पहिला खर्च गावच्या घराच्या कौलांचा केला.

२०२० साली करोना आला तेव्हा वर्तमानपत्रांनी लॉकडाउनला टाळेबंदी म्हटलं. चाळीतले एक म्हातारे गृहस्थ बातमी वाचून मला विचारायला आले, “कुठल्या गिरणीत?” त्यांची थट्टा करावी असं मला वाटलं नाही. टाळेबंदी हा शब्द पन्नास वर्षं त्यांनी एकाच अर्थाने वापरलेला.

अलीकडे माझ्याकडे लोक येतात ते म्हाडाच्या घरांचे फॉर्म घेऊन. गिरण्यांच्या जमिनीवर कामगारांसाठी बांधलेल्या घरांची पहिली मोठी सोडत २०१२ मध्ये निघाली, ६,९२५ घरांची. पुरावे म्हणून काय काय चालतं त्याची यादी मोठी आहे: ओळखपत्र, तिकीट नंबर, लाल पास, फंडाचा नंबर, ईएसआयचा नंबर, हजेरीचा कागद, पगाराची पावती. पेट्या उपसून माणसं, आणि आता त्यांच्या विधवा आणि मुलं, हे कागद आणतात. परवा एकजण आला. वडील बदली होते, संपात गेले, परत घेतलं नाही. गिरणीच्या जुन्या पत्रात स्पष्ट लिहिलं आहे की नोकरी स्वतःहून सोडली. तो विचारत होता, हे पत्र जोडू की लपवू? मी म्हटलं, बिनधास्त जोड. सरकारने पात्रतेची तारीख धरली आहे १ जानेवारी १९८२. त्या दिवशी किंवा त्यानंतर जो गिरणीच्या नोकरीत होता तो पात्र. संप त्यानंतर सतरा दिवसांनी सुरू झाला. पत्रात शेवटची हजेरी १७ जानेवारीची दाखवली आहे, म्हणजे ज्या कागदाने त्याच्या बापाला बाहेर काढलं तोच त्याचा सगळ्यांत पक्का पुरावा. फक्त तिकीट नंबरातला शेवटचा आकडा पुसट झाला आहे, तो फंडाच्या स्लिपवरून जुळवायचा आहे.